दुर्बिणीवरच्या फोनचा बाण ‘पोहोचलात’ म्हणतो, पण आयपीसमध्ये शनी नाही: माझा उपाय

दुर्बिणीवर बसवलेल्या फोनमधलं ॲप बाणाने ग्रहाची दिशा दाखवतं; पण तिथे पोहोचूनही आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) ग्रह दिसेना. नाशिकच्या म्हसरूळला आमच्या गच्चीवर तीन रात्री हेच. ॲप अपडेट केलं, फोन बदलला, फरक शून्य. फार वैताग आला.

ॲप ताऱ्यांच्या फोटोवरून फोनच्या कॅमेऱ्याची दिशा ओळखतं. दुर्बिणीच्या नळीची दिशा तिच्याशी आपणच जुळवून द्यायची असते.

आधी फोनचं कव्हर काढलं, लेन्स पुसली. उजेड असतानाच, सूर्याकडे पाठ करून (नळी सूर्याकडे कधीच नको), 25 मिमी आयपीसमध्ये चामरलेणीच्या डोंगराचं टोक मधोमध आणलं. नळी न हलवता ॲपमधली फुली त्याच टोकावर ठेवली. अंधार पडल्यावर बाणामागे गेलो, थांबलो, ॲपला नवा फोटो घेऊ दिला. शनी मधोमध! मगच जास्त मोठं दाखवणारी 10 मिमी आयपीस लावली.

फोन काढून पुन्हा बसवला की ही जुळवणी पुन्हा करावीच लागते.