रुग्ण कल्याण समितीत पैसा कुठे लावायचा, ते आकड्यांवरून कसं ठरवायचं

आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समितीची मीटिंग लागते, आणि तिथे सगळ्यांच्या मागण्या एकदम येतात, कुणाला इन्व्हर्टर हवा, कुणाला रक्त तपासायचं मशीन, कुणाला सर्पदंशाची लस (चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन) जास्तीची हवी, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होतं. हे बदलता येतं. त्यासाठी इकॉनॉमिक्सची डिग्री लागत नाही, थोडी गुणाकार-भागाकाराची तयारी लागते आणि चार प्रश्न न लाजता विचारायची सवय. मेडिकल ऑफिसर, सरपंच, समितीतले मेंबर, आशाताई, सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी प्रश्न नीट मांडा. "लेप्टोवर (चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापावर) काहीतरी करायला पाहिजे" हा प्रश्नच नाही, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. प्रश्न असा हवा की आपल्या केंद्राखालच्या अमुक गावांत, लावणीला चिखलात उतरणाऱ्या मोठ्या माणसांना, सहा आठवडे डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी आधीच द्यायची, की सध्या चाललंय तसं ताप आला की तपासायचं? कुणासाठी, काय, कशाच्या तुलनेत, आणि कुठला फरक मोजणार, एवढं एका वाक्यात बसलं पाहिजे. यातलं "कशाच्या तुलनेत" हेच नेहमी गळतं. आपण काही केलं नाही तर गावात काहीच होत नाही असं नसतं, काहीतरी चालू असतंच, आणि तुलना त्याच्याशी करायची.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच महाडचं आहे. विंचूदंशावर डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आयुष्य घातलं, प्राझोसिनसारखी स्वस्त गोळी त्यांनी विंचवाच्या उपचारात आणली आणि माणसं वाचायला लागली. पुढे विंचवाची लसही मिळायला लागली. मग प्रश्न "लस चालते का" एवढा उरला नाही, प्रश्न झाला की प्राझोसिन देतोच आहोत तर वर लस दिल्याने जास्तीचं काय मिळतं? 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास आला, 70 पेशंट, निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. 10 तासांत पूर्ण बरे झालेले लस-गटात 91 टक्के आणि दुसऱ्या गटात 23 टक्के, बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ 8 तास विरुद्ध जवळजवळ 18 तास. म्हणजे लसीचा जादा खर्च आपल्याला साधारण 10 तास मिळवून देतो. आता हे 10 तास तुमच्या केंद्रात किती मोलाचे आहेत ते बघा. रात्री एकच सिस्टर असते, खाटा मोजक्या, पेशंट पुढे पाठवायचा तर गाडी नाही, अशा ठिकाणी ते खूप मोलाचे आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की लसीसाठी भांडायच्या आधी प्राझोसिन कपाटात कायम आहे ना ते बघा, कारण पहिला मोठा फायदा त्या गोळीतच आहे.

जादा खर्च भागिले जादा फायदा. सगळा विषय याच भागाकाराभोवती फिरतो. एकूण खर्च किती हे विचारणारे मीटिंगला पुष्कळ असतात, "आत्तापेक्षा किती जास्त, आणि त्यातून आत्तापेक्षा किती जास्त मिळालं" हे विचारणारा एक तरी हवा.

आता लेप्टो घेऊ, कारण सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडात हा दर पावसाचा विषय आहे आणि आकडे फसवतात कसे ते यात छान दिसतं. डॉक्सीसायक्लिन आठवड्याला 200 मिलिग्रॅम दिली तर लेप्टो टळतो का? एक प्रसिद्ध अभ्यास 1984 साली छापून आला, पनामाच्या जंगलात साधारण तीन आठवडे ट्रेनिंगला गेलेले अमेरिकन सैनिक. गोळी न घेतलेल्यांत 100 मागे 4.2 जणांना लेप्टो, घेतलेल्यांत 0.2. म्हणजे 95 टक्के घट. हा आकडा मीटिंगमध्ये कुणी फेकला की सगळे गप्प होतात. दुसरा अभ्यास आपल्या अंदमानचा, 2000 साली आला. तिथे लोक वर्षानुवर्षं तिथेच राहणारे, शेतात राबणारे. त्यात गोळीने इन्फेक्शन काही थांबलं नाही, पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण 100 मागे 6.82 वरून 3.11 वर आलं, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त घट. आपला भातखाचरात उतरणारा माणूस कुणासारखा, तीन आठवड्यांसाठी आलेल्या सैनिकासारखा की अंदमानच्या शेतकऱ्यासारखा? तेव्हा हिशोबाला निम्मी घट धरा, 95 टक्के विसरा. दुसरीकडचा पुरावा आपल्याकडे लावताना ही तपासणी दर वेळी करायची, तिथली माणसं, तिथली सवय, तिथला दवाखाना आपल्यासारखा आहे का.

पण अजून एक गोष्ट आहे, आणि तीच जास्त महत्त्वाची. टक्क्यातली घट सांगून भागत नाही, मुळात आजार किती आहे ते लागतं. आता समजा म्हणून आकडे धरतो, तुमचे तुम्ही घाला. 1000 माणसं, सहा आठवडे, आठवड्याला 100 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, म्हणजे 12,000 कॅप्सूल. एक दोन रुपयाला धरली तर 24,000 रुपये, आशाताईंचा मोबदला, गाडी, रजिस्टर वगैरे 16,000 धरू, एकूण 40,000. खाडीकाठच्या ज्या वाड्यांत मागच्या पावसात 1000 मागे 20 केसेस होत्या तिथे निम्म्या टळल्या तर 10 टळल्या, एका केसमागे 4,000 रुपये. आणि वरच्या कातळावरच्या ज्या गावांत 1000 मागे 2 होत्या तिथे एकच टळली, एका केसमागे 40,000. गोळी तीच, खर्च तोच, आणि दहापट फरक. म्हणून "सगळ्या तालुक्याला सरसकट वाटा" हा ठराव ऐकायला न्यायाचा वाटतो पण पैसा तिथे वाया जातो आणि जिथे खरंच गरज असते तिथे ऐन लावणीत साठा संपतो. गावनिहाय केसेसची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागून घ्या, त्याशिवाय हा निर्णय घेऊच नका. (गरोदर बाया, लहान मुलं यांना ही गोळी चालत नाही, कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवणार, हे वाटप करणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.)

मग त्याच हिशोबाला जरा धक्के देऊन बघा. अर्ध्याच लोकांनी गोळ्या नीट घेतल्या तर? उपाशीपोटी घेतली, मळमळलं, सोडून दिली, हे होतंच. वाटपाचा खर्च तेवढाच राहिला आणि टळलेल्या केसेस 10 च्या जागी 5 झाल्या तर 4,000 चे 8,000 होतात. कॅप्सूल महाग झाली तर? केसेस मागच्या वर्षी अपवाद म्हणून जास्त होत्या तर? प्रत्येक आकडा थोडा वर-खाली करायचा आणि निर्णय बदलतो का ते बघायचं. बदलत नसेल तर निर्धास्त ठराव करा. एकाच आकड्यावर सगळं लटकत असेल तर तो आकडा आधी पक्का करून आणा.

खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे विचारल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. डायलिसिसचं बघा. सरकारी दवाखान्यात किंवा योजनेत ते फुकट होतं, सरकारच्या वहीत बाकीचा खर्च शून्य. पण आठवड्याला तीन वेळा म्हणजे वर्षाला 156 फेऱ्या. दोडामार्गच्या किंवा वैभववाडीच्या आतल्या वाडीतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात यायचं, बरोबर एक माणूस, त्याची मजुरी बुडणार, गाडीभाडं, चहा-जेवण, समजा फेरीमागे 700 रुपये धरले तर वर्षाचे 1,09,200 होतात. म्हातारी माणसं अगदी बरोबर बोलतात, "डायलिसिस फुकट गावता, पण गाडीचा भाडा कोण देतलो?" तेव्हा ग्रामीण रुग्णालयात दोन मशीन बसवायची की नाही याचा हिशोब फक्त दवाखान्याच्या बाजूने केला तर नुकसान दिसेल, आणि घरच्यांच्या बाजूने केला तर उलटं दिसेल. दोन्ही मांडा, दोन वेगळ्या ओळींत. तसंच गोव्याच्या मेडिकल कॉलेजात बांबोळीला किंवा कोल्हापूरला पाठवलेल्या पेशंटचा खर्च आपल्या जिल्ह्याच्या कागदावर दिसत नाही म्हणून तो नाहीच असं धरू नका.

प्रत्येक गोष्ट स्वतः मोजत बसायची गरज नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागात 2017 पासून हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया, थोडक्यात एचटीएइन, हे काम करतं. मोतीबिंदूला कुठली लेन्स सरकारने द्यावी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कशी करावी असले प्रश्न त्यांनी तपासलेत. मोतीबिंदूत छोट्या छेदाची शस्त्रक्रिया आणि साधी कडक लेन्स हा पर्याय पैशाच्या मानाने सरस ठरला, त्यामुळे शिबिरात कुणी महागड्या लेन्सचा आग्रह धरला तर दाखवायला कागद आहे. उपचारांच्या खर्चाचे भारतातले आकडे चंदीगडच्या पीजीआय या सरकारी मेडिकल संस्थेने गोळा केलेत, ते अमेरिकेच्या आकड्यांपेक्षा शंभरदा बरे.

असे अहवाल वाचताना "क्वाली" भेटेल. एक वर्ष पूर्ण तब्येतीत जगलं तर एक क्वाली, निम्म्या तब्येतीत दोन वर्षं काढली तरी एकच. यामुळे डोळे आणि किडनी एकाच मापात तोलता येतात. एका क्वालीसाठी किती खर्च चालेल याची रेघ ब्रिटनच्या नाइस संस्थेने बरीच वर्षं 20 ते 30 हजार पौंडावर धरली, आपल्याकडे साधारण देशाचं दरडोई उत्पन्न धरतात. पण रेघेच्या आत बसलं म्हणजे परवडलं असं अजिबात नाही. एका माणसामागे स्वस्त पडणारी गोष्ट पूर्ण तालुक्याला द्यायची तर या वर्षी एकूण किती रुपये लागतील, ते आहेत का, आणि ते दिले तर कुठलं काम थांबेल, हा हिशोब वेगळा करायचा. आणि रेघेच्या बाहेर गेलं तरी काही गोष्टी ठेवाव्याच लागतात. फुरसं चावलेला माणूस ज्या केंद्रात पहिल्यांदा पोचतो तिथे सर्पदंशाची लस हवीच, वर्षाला दोनच पेशंट येत असले तरी. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते, घाटातल्या चापड्यावर नाही, म्हणून साठा ठरवताना आपल्याकडे कुठला साप चावतो ही नोंदही बघा.

मीटिंगला जाताना एकच पान न्या. वर प्रश्न, एका वाक्यात. खाली दोन पर्याय, प्रत्येकाचा सरकारी खर्च आणि घरचा खर्च, किती आजार टळतील किंवा किती तास वाचतील, जादा एका फायद्यामागे किती रुपये. मग कुठला आकडा खात्रीचा आणि कुठला अंदाजाचा ते स्पष्ट लिहा, अंदाजाला अंदाज म्हटलं की लोक जास्त ऐकतात, हा माझा अनुभव आहे. शेवटी कुणाचं नुकसान होईल तेही लिहा, कारण कातळावरच्या गावाला गोळ्या नाहीत हे त्यांच्या मेंबरला कागदावरून कळलेलं बरं, आणि त्यांच्यासाठी ताप आल्यावर त्याच दिवशी तपासणीची सोय त्याच ठरावात घाला.

ठरावात अजून एक ओळ घालून घ्या, की गोळ्या किती दिल्या, किती जणांनी सहाही आठवडे घेतल्या आणि गावनिहाय केसेस किती झाल्या याची नोंद कापणी संपेपर्यंत ठेवायची, आणि ती कोण ठेवणार त्याचं नाव तिथेच लिहायचं.