ओल्या तुरीच्या सोल्यांचं घट्ट सूप, हॉटेलसारखं

डिसेंबरात आठवडी बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा दिसू लागल्या की विदर्भात घरोघरी सोलेभात आणि सोले-वांगी होतात. त्याच सोल्यांचं, म्हणजे शेंगांतून सोललेल्या हिरव्या दाण्यांचं, सूप करून बघा. सोबत भाकर असली तर रात्रीचं जेवण त्यातच होतं. हॉटेलच्या सूपला चव येते ती भाज्या उकळून काढलेल्या पाण्यामुळे, आणि दाटपणा येतो तो बरेचदा लोण्यात भाजलेल्या पिठामुळे. या दोन्ही गोष्टी गावातल्या स्वयंपाकघरात सहज जमतात.

चौघांसाठी दोन वाट्या सोले, दोन कांदे, दोन गाजरं, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एक हिरवी मिरची, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी, दोन चमचे लोणी आणि दोन चमचे ज्वारीचं पीठ घ्या. शेंगा भरलेल्या पण हिरव्याच असाव्यात. जून दाणे लवकर शिजत नाहीत आणि सूप पिठूळ लागतं.

आधी भाज्यांचं पाणी करा, कारण सगळी चव तिथूनच येते. गंजात दीड लिटर पाणी घ्या. त्यात एक कांदा चिरून, गाजरांची स्वच्छ धुतलेली टोकं, सांबाराच्या काड्या, चार मिरे आणि एक तेजपान टाका. एक उकळी आली की आच कमी करा. चूल असेल तर लाकडं मागं ओढा. वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू उकळू द्या आणि गाळून घ्या. पत्ताकोबीचा दांडा यात टाकू नका, फार वेळ उकळला की उग्र वास सुटतो. मीठही आत्ताच नको. पुढे सूप आटेल तसा खारटपणा वाढतो.

या पाण्यात सोले झाकण न ठेवता शिजवा, म्हणजे रंग हिरवा राहतो. बोटांनी दाबल्यावर दाणा सहज मोडला की झालं. लवकर शिजावेत म्हणून सोडा घालायचा मोह टाळा. त्याने दाण्यांचा लगदा होतो आणि चवही बिघडते. सोले उपसून घ्या, पाणी ठेवा. मूठभर सोले अख्खे बाजूला काढा, बाकीचे थंड झाल्यावर थोड्या पाण्यासोबत मिक्सरमधून बारीक करा. गरम असताना फिरवले तर वाफेने झाकण उडतं. लाइन गेली असेल तर पाट्यावर वाटा, थोडं रवाळ राहिलं तरी छान लागतं.

आता जाड बुडाच्या गंजात लोणी तापवा. बारीक चिरलेलं लसूण, आलं आणि मिरची घाला. लसूण लाल होऊ देऊ नका, कडवट होतो. मग उरलेला कांदा आणि गाजराचे बारीक तुकडे टाका. कांदा पारदर्शक झाला की ज्वारीचं पीठ भुरभुरा आणि मंद आचेवर दोन मिनिटं सराट्याने परता. खमंग वास आला की सोल्यांचं पाणी थोडं-थोडं ओता आणि दर वेळी ढवळा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. शेवटी वाटलेले सोले मिसळा आणि पाच-सात मिनिटं उकळू द्या. बुडाशी लागतं, म्हणून हात थांबवू नका.

मीठ आणि ताजी कुटलेली मिरेपूड घालून आच बंद करा. डावाच्या पाठीवर पातळ थर राहील इतपतच दाट ठेवा, कारण सूप निवताना आणखी घट्ट होतं. आता एक तर अर्ध्या लिंबाचा रस घाला, नाहीतर दोन चमचे फेटलेली साय. दोन्ही एकत्र नको, साय फाटण्याची भीती असते. मला लिंबू जास्त आवडतं, त्याने सोल्यांची गोडी खुलते.

हॉटेलात वर पावाचे तळलेले तुकडे देतात. इथं कालची ज्वारीची भाकर घ्या. तिचे नखाएवढे तुकडे थोड्या तेलात आणि ठेचलेल्या लसणात तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत करा. दुसरीकडे दोन चमचे तेल गरम करून, आच बंद करून, त्यात भिवापुरी मिरचीची भरड टाका. वाटीत सूप, त्यावर बाजूला काढलेले सोले, चिरलेला सांबार आणि हे लाल तेल चमचाभर. भाकरीचे तुकडे अगदी खाताना घाला, नाहीतर लगेच नरम पडतात.

उरलेलं सूप सकाळी घट्ट गोळ्यासारखं दिसेल. अर्धी वाटी गरम पाणी घालून ढवळत उकळा, पुन्हा पहिल्यासारखं होतं.