ईएसआर वाढला म्हणून घाबरण्याआधी या चुका टाळा

रक्ताच्या रिपोर्टवर ईएसआर 48, शेजारी ठळक 'हाय', आणि संध्याकाळपर्यंत घरात टीबीची चर्चा. हे थांबायला हवं. ईएसआर कुठलाही आजार ओळखत नाही. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच तो सांगतो. रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढली की या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि भरभर खाली जातात. प्रथिनं का वाढली, ते नळीत दिसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिमोग्लोबिन न बघता ईएसआर वाचणं. नेहमीचं उदाहरण घ्या. चौतिशीतली बाई, सतत थकवा, कंबरदुखी, ईएसआर 48. एक्स-रे होतो, मॅन्टू (टीबीसाठीची त्वचेची चाचणी) होते, कुणीतरी अँटिबायोटिकचा कोर्सही देऊन टाकतं. आणि त्याच रिपोर्टवर चार ओळी वर हिमोग्लोबिन 7.9 छापलेलं असतं! पेशी विरळ असल्या की खाली जाताना गर्दी कमी, म्हणून नुसत्या अ‍ॅनिमियानेही ईएसआर चढतो. इथे आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावा, अ‍ॅनिमियाचं कारण शोधून त्यावर उपचार करावेत आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावर ईएसआर पुन्हा करावा. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटतं वजन असेल, तर थुंकीची तपासणी करायचीच. मग ईएसआर 10 का असेना.

वय विसरू नका. ढोबळ हिशेब असा: पुरुषाच्या वयाच्या निम्मा, बाईच्या वयात 10 मिळवून त्याच्या निम्मा. म्हणजे साठीच्या बाईला 35 पर्यंत चालतो. गरोदरपणात तो वाढतोच.

दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पद्धत बघा. वेस्टरग्रेनची नळी 200 मिमीपर्यंत आखलेली, विंट्रोबची 100. यांची तुलना करू नये.

आता लॅबमधल्या नवशिक्यांसाठी. अर्ध्या तासाचं रीडिंग घेऊन दुप्पट करणं ही निव्वळ घाई आहे. पहिली दहाएक मिनिटं चळती बनण्यात जातात, पुढची चाळीस मिनिटं पेशी वेगाने उतरतात, शेवटी तळाशी दाटी होऊन वेग मंदावतो. उतार एकसारखा नसतो, मग दुप्पट कशाची करणार? टायमर लावा आणि 60 मिनिटांनीच वाचा. कड धूसर असेल तर जिथे गडद लाल रंग सुरू होतो ती रेघ धरा.

नळी तिरकी राहिली तर घात ठरलेला. पेशी खालच्या बाजूच्या काचेवरून घसरतात आणि प्लाझ्मा दुसऱ्या बाजूने वर सरकतो. 3 अंश कललं तरी आकडा 30 टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. रोज सकाळी स्टँडला ओळंबा लावून बघावा, मिनिटभराचं काम आहे. सेंट्रिफ्यूजच्या टेबलावर स्टँड ठेवू नये, खिडकीच्या उन्हातही नको.

काळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) लागतं: 1.6 मिलिला 0.4. रक्त कमी भरलं तर सॅम्पल परत घ्या, 'चालतंय' म्हणू नका. आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करा, झटके नकोत. नळीत बुडबुडा आला तर पुन्हा भरा. बाहेर ठेवलेलं सॅम्पल चार तासांत लावा. फ्रिजमधलं आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

ताप उतरल्यावर दर चार दिवसांनी ईएसआर करणं म्हणजे पैसे वाया. तो आठवडे-आठवडे चढलेला राहतो. लवकर फरक बघायचा तर सीआरपी ही सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी करा.

कमी आकड्यानेही फसायला होतं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. विळ्यासारख्या पेशींची चळत नीट लागत नाही, म्हणून अंगात जंतुसंसर्ग असूनही ईएसआर खालीच दिसू शकतो.

100 च्या वर गेला तर मात्र 'बघू पुढच्या महिन्यात' नको. टीबी, हाडातला संसर्ग, मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर), इतर कॅन्सर हे सगळं तपासावं लागतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाची कानशिलं नव्याने दुखू लागली, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक झाली, तर रिपोर्टचीही वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. कानशिलाच्या धमनीला सूज असेल तर स्टेरॉइड लगेच सुरू करावं लागतं. गेलेली नजर सहसा परत येत नाही.