जुनं रंधा मशीन घरी आणायचं असेल तर

खेड्यापाड्यातल्या सॉ मिल बंद होतात, वखारवाल्याची पोरं पुण्याला निघून जातात आणि बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, अख्खं मशीन भंगारात किलोच्या भावाने जातं. मी जिनिंगमध्ये फिटर आहे, शाफ्ट आणि पट्ट्यांत हात काळे करणं हेच माझं काम. त्यामुळे एवढं खात्रीने सांगतो, की असं मशीन भंगारवाल्याच्या आधी गाठलं तर स्वस्त पडतं. मात्र खरा खर्च मशीन अंगणात उतरवल्यावर सुरू होतो.

मालक हमखास म्हणतो, “चालू शे ना भाऊ!” चालू असेलही, पण मोटर लावून दाखवू नका म्हणावं. आधी पट्टा उतरवायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा, मग दोन्ही टोकांना धरून वर-खाली हलवून बघायचा. खडखड लागली तरी लगेच घाबरायचं कारण नाही. बॉल बेअरिंग असेल तर नंबर वाचून नवी मिळते. बॅबिट म्हणजे पांढऱ्या धातूची असेल तर ती पुन्हा ओतता येते, फक्त ते काम जाणणारा माणूस आधी शोधून ठेवा.

न परवडणारी गोष्ट एकच, बीडाला गेलेली चीर. रंगाखाली ती दिसत नाही. टेबलाचे कान, बेअरिंगचं घर आणि बोल्टच्या भोकांभोवतीचा रंग खरवडा, डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर पांढरा खडू घासा. चीर असली तर आतलं डिझेल वर येतं आणि खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. बेअरिंगच्या घराला रेघ दिसली तर चहा पिऊन घरी या. टेबलाच्या कडेला असली तर ब्रेझिंगचा, म्हणजे पितळ वितळवून सांधायचा, खर्च धरून भाव पाडा.

पात्यांचा ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता ठोकळा, गोल आहे की चौकोनी, तेही बघा. फार जुन्या रंध्यांना चौकोनी असतो. त्याच्या सपाट बाजूपाशी टेबलाच्या ओठात मोठी फट पडते आणि बोट खोल जातं. असं मशीन घेतलंच तर गोल ब्लॉक बसवूनच चालवायचं.

घरी सिंगल फेज असेल तर मोटरची प्लेट वाचा. २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती). प्लेटवर २३० व्होल्ट डेल्टा लिहिलेलं असेल, तर तशी जोडणी करून सिंगल फेजच्या व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर, त्या चालतात. मोठ्या मोटरी ४१५ व्होल्टलाच डेल्टा असतात, तिथे थ्री फेज घ्या किंवा मोटर बदला. पुलीचं गणित सोपं आहे. मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली ८ इंची, ब्लॉकची ३ इंची, तर ब्लॉक ३८४० फेऱ्यांनी फिरणार. मशीनच्या प्लेटवर फेऱ्या लिहिलेल्या असतील तर त्याच्या पुढे जायचं नाही. स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचाच हवा, म्हणजे वीज गेली की सुटणारा आणि परत बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा. आपल्याकडे वीज कधी जाते आणि कधी येते याचा नेम नाही. पाती साफ करायला हात घातलेला असताना रंधा आपोआप सुरू होता कामा नये.

आता पाया. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा करून मशीन ठेवलं तर वर्षभरात टेबल तिरकं. मुरूम लागेपर्यंत खणा, जाळी टाकून काँक्रीट करा, बोल्ट त्यातच गाडा. इथे कंजुषी करणाऱ्याने हँड प्लेनर, म्हणजे हातात धरून चालवायचा विजेचा रंधा, घ्यावा.

बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची करवत, घेणार असाल तर पैसे देण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा. लाकूड चिरायला सॉ मिलचा परवाना लागतो आणि घरचं मशीन त्यात कितपत येतं, हे तिथूनच कळलेलं बरं.

रंध्यापाशी उपरणं, सैल बाह्या आणि हातमोजे नकोत. जुन्या वाड्याचं सागवान स्वस्तात मिळतं, पण त्यात खिळे असतात. पाटावरून आधी लोहचुंबक फिरवा, खिळे उपटा, मगच लाकूड आत घाला.

पहिल्या दिवशी मशीन रिकामंच चालवा आणि मधूनमधून बंद करून बेअरिंगच्या टोपीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तेल पोचतंय का ते बघा. बॅबिटची टोपी जास्त आवळली असेल तर खाली पातळ पत्र्याचं पॅकिंग टाकून थोडी सैल करा.