फ्लाय प्रेस टिकवायची तर ग्रीसआधी चिंधी हातात घ्या

सांगलीत मारुती चौकाजवळच्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी घेतलेल्या, हाताने चालवायच्या तीन फ्लाय प्रेस आहेत, म्हणजे वरचा दांडा फिरवून स्क्रूच्या जोरावर पत्रा कापणारी यंत्रं. वॉशर आणि बिजागऱ्यांची पानं त्यांच्यावर निघतात. गेली १८ वर्षं त्यांची देखभाल मी करते. नुसती जुनी झाली म्हणून मोडलेली प्रेस मी अजून पाहिली नाही. तिला खातात ती घाण आणि रॅमची, म्हणजे स्क्रूखाली वरखाली सरकणाऱ्या भागाची, ढिली पट्टी. ही पट्टी रॅमच्या बाजूची फट भरून त्याला सरळ चालवते.

उघडण्याआधी रॅमखाली लाकडी ठोकळा ठेवा आणि वरचा दांडा दोरीने बांधून टाका. या स्क्रूला मल्टिस्टार्ट आटे असतात, म्हणजे एकाऐवजी अनेक आटे शेजारी शेजारी सुरू होतात, त्यांचा चढ मोठा. जरा धक्का लागला की रॅम आपल्या वजनाने खाली सरकतो. ठोकळ्याशिवाय आमच्याकडे कुणी रॅमखाली बोट घालत नाही.

आता वंगण. बहुतेक जण जुन्या काळ्या ग्रीसवरच नवं फासतात. त्या काळ्या ग्रीसमध्ये लोखंडाचा बारीक कीस असतो, आणि तो कीस कानशीसारखा काम करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, तिन्ही प्रेस बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घाईघाईत आम्ही वरवर पुसून ग्रीस भरलं आणि काम सुरू केलं. आट्यांत गाळ तसाच राहिला होता. तो गनमेटलच्या (तांबं-कथलाच्या मऊ मिश्रधातूच्या) नटात रुतला आणि त्याने स्टीलचा स्क्रूसुद्धा घासून काढला. दोन महिन्यांत दोन नट आणि एक स्क्रू गेला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा पाणी उतरताच स्क्रू-नट सोडवले, स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, मग डिझेल आणि ब्रशने एकेक आटा साफ केला, वाळवला आणि लगेच तेल दिलं. ते नट आजही चालू आहेत.

रोजच्या कामात दर शनिवारी एवढं करा: आट्यांवरचं जुनं तेल बोटावर घेऊन उजेडात धरा. पिवळी चमक दिसली तर नट झिजतोय. थोडी चमक असतेच, पण बोट सोनेरी दिसायला लागलं की नटाला तेल पोहोचत नाही किंवा स्क्रू कुठेतरी खरवडलाय. पुसा, ६८ नंबरचं (ISO VG 68) तेल द्या, पुढच्या शनिवारी पुन्हा बघा.

पट्टी आवळण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. रॅम जिथे रोज काम करतो, तेवढीच जागा जास्त झिजते. तिथे रॅम ठेवून पट्टी घट्ट केलीत तर वर नेताना तो अडकतो, मग माणूस जोर लावतो आणि घासण वाढते. म्हणून पट्टीच्या स्क्रूंवरचे लॉकनट सैल करा, रॅम पूर्ण वरून खाली आणून जिथे सगळ्यात घट्ट लागतो ती जागा शोधा, आणि तिथेच पट्टी बसवा. मी ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) घालून बघते. लॉकनट आवळताना आतला स्क्रू फिरतो, तो ॲलन कीने धरून ठेवा. शेवटी रॅम पुन्हा पूर्ण फिरवून बघा.

बॉडी बिडाची असते, बिड वाकत नाही, एकदम तडकतं. डायमध्ये (खालच्या साच्यात) पत्रा नसताना ठोका मारलात तर तो सगळा जोर पंच (वरचा साचा), डाय आणि बॉडीवर जातो. स्टॉप रिंग (रॅमला ठरलेल्या जागी थांबवणारी कडी) नीट लावा आणि नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगा. वर्षातून एकदा बॉडीच्या आतल्या वळणावर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडू फासा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर ओलसर रेघ उमटवतं. त्या वळणावर रेघ दिसली तर वेल्डिंग करून ठोके मारायला माझा स्पष्ट नकार आहे, ती बॉडी भंगारात घाला.

पायाचे बोल्ट सोमवारी पान्याने तपासा. पावसाळ्यात बोलस्टरला (डाय बसवायच्या जाड प्लेटला) तेलाचा हात देऊन सुती चादर टाका. प्लॅस्टिकखाली पाणी सुटतं आणि सकाळी तांबूस गंज दिसतो.