स्पिरुलिना पिवळी पडली? आधी सावली करा

गच्चीवर टपात स्पिरुलिना हे खाण्याजोगं निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ वाढवणाऱ्यांची एप्रिल-मेमधली ठरलेली तक्रार: निळसर हिरवं पाणी पिवळट झालं. मग आपण घाईने खत ओततो. थांबा, आधी टपावर शेडनेट बांधा. फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य पेशींना उजेड पकडायला लागतं. गोव्याचं भर दुपारचं ऊन थेट मिळालं की त्याची गरजच उरत नाही, पेशी ते कमी बनवतात. पाणीही ३५ अंशांच्या आत ठेवा. चार-पाच दिवसांत रंग परतला नाही तर नायट्रोजन संपलाय असं समजा. उपाशी पेशी हेच निळं प्रथिन मोडून खातात. तेव्हा नायट्रेट घाला, पण थोडं थोडं.

ड्युनालिएला या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचं गणित मात्र उलटं. मिठागरात पाणी आटत आलं की जी लालसर झाक दिसते, त्यात तिचाही वाटा असतो. कडक ऊन, भरपूर मीठ आणि नायट्रोजनची टंचाई असली की तिच्यात नारंगी बीटा-कॅरोटीन साठतं.

आणि स्पिरुलिना वाळवायची ती सावलीत, वाऱ्यावर. माझी पहिली खेप पत्र्यावर उन्हात वाळवली होती. संध्याकाळी हातात आला तो सुक्या गवताच्या रंगाचा भुगा.