लॉनचं कार्पेट: आधी माती बघा, मग गवत

नर्सरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती स्क्वेअर फूट?" घराजवळची माती कोणती, हे विचारणारा क्वचित भेटतो. मग सहा महिन्यांत लॉन पिवळं पडतं, जागोजागी टक्कल दिसायला लागतं आणि दोष माळ्याला किंवा पाण्याला दिला जातो. बहुतेक वेळा खरं कारण मातीत असतं. कार्पेट म्हणजे मातीच्या पातळ थरासकट कापून आणलेले तयार गवताचे तुकडे. ते वाढलेलं असतं नर्सरीच्या मातीत, आपण ते अंथरतो आपल्या मातीवर. या दोन मातींचं जमलं नाही, तर मुळं कार्पेटच्या अर्ध्या-पाऊण इंचातच घुटमळतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात गवत जळतं. म्हणून कार्पेटची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्यायची. खालचे सगळे आकडे 500 चौरस फुटांच्या लॉनसाठी आहेत.

तुमची माती कोणती?

देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. तिचा सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5 असतो आणि चुनखडीही असते. पुणे, सातारा, नाशिककडच्या माळांवर वर मातीचा पातळ थर आणि खाली मुरूम. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची तांबडी माती: आम्लधर्मी, पाणी न धरणारी, पावसात अन्नद्रव्यं वाहून जाणारी.

नक्की काय आहे ते घरच्या घरी तपासता येतं. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती घ्या, गळ्यापर्यंत पाणी भरा, चिमूटभर कपड्यांची पावडर टाका, पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ दोन-एक तासांत, चिकणमातीला मात्र दिवस-दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर चिकणमाती भरपूर आहे, असं समजा.

मग एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभराने पट्टी लावा. पाणी तासाला एक इंच उतरत असेल तर निचरा ठीक आहे. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर निचऱ्याची सोय केल्याशिवाय लॉन लावू नका. तिसरी तपासणी चुनखडीची: कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुनखडी आहे.

सामू आणि क्षारांचे नेमके आकडे हवे असतील तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पाच-सहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा-सात इंच खोल खड्डा घेऊन कडेची माती खरवडा, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो द्या. पाणी बोअरचं असेल तर तेही तपासून घ्या. खाऱ्या पाण्याने पहिल्या उन्हाळ्यातच मातीवर पांढरा थर चढतो.

काळ्या मातीचं काय करायचं

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, काळी माती फूटभर काढून त्या खड्ड्यात तांबडी माती भरणं. चारी बाजूंनी आणि तळाला चिकणमाती, मध्ये भुसभुशीत भर. पावसाळ्यात त्याचा टब होतो आणि मुळं कुजतात. दुसरी, चार पोती वाळू मिसळणं. थोड्या वाळूने काळी माती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते. वाळूने पोत बदलायचा तर मिश्रणात अर्ध्याहून जास्त वाळूच लागते. सहा इंचांच्या थरासाठी ती दीड ब्रासच्या आसपास जाते (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि एवढा खर्च बहुतेकांना परवडत नाही.

त्यापेक्षा असं करा. माती वाफशावर, म्हणजे ना फार ओली ना कोरडी असताना, आठ इंच खोल खणा. वाफसा ओळखायला मुठीत माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर अजून थांबा. ओली काळी माती खणली तर ढेकळं दगडासारखी वाळतात आणि महिनाभर फुटत नाहीत. खणून झाल्यावर दोन इंच जाडीचं, पूर्ण कुजलेलं शेणखत पसरून वरच्या सहा इंचांत मिसळा. याला सुमारे 0.8 ब्रास लागतं. अर्धवट कुजलेलं शेणखत घेऊ नका, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि तणांचं बीही.

उतार घराच्या उलट बाजूला, दहा फुटांना दोन इंच. वर पोयटा (गाळाची मोकळी माती) टाकून जमीन उंच करायची असेल तर आधी काळ्या मातीलाच हा उतार द्या आणि मगच पोयटा टाका. चार इंचांच्या थराला 1.67 ब्रास लागतो. त्यातला पहिला इंच दाताळ्याने काळ्या मातीत कालवा. दोन मातींमध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ राहिली तर पाणी त्या रेघेवरच अडकतं आणि मुळंही तिथेच थांबतात.

खड्ड्याच्या चाचणीत नापास झालेल्या जागेत दर दहा-बारा फुटांवर दीड फूट खोल चर घ्या. त्यात छिद्रं पाडलेला तीन इंची पीव्हीसी पाइप, भोवती 20 मिमी खडी आणि खडीला जिओटेक्स्टाइलचं (पाणी सोडणारं, माती अडवणारं) कापड. पाइपाचं दुसरं टोक खालच्या पातळीवर मोकळं सुटलं पाहिजे. ते तोंड नसेल तर हा सगळा खर्च वाया जातो.

जिप्समबद्दल एकच सांगणं: ते चोपण जमिनीचं औषध आहे, म्हणजे मातीत सोडियम जास्त असल्याचं परीक्षणात दिसलं तरच. नुसती चिकट माती जिप्समने मोकळी होत नाही.

जांभा, मुरूम आणि नवं बांधकाम

कोकणात कातळावर किमान सहा इंच माती हवी, म्हणजे अडीच ब्रास. त्यात दीड इंच कंपोस्ट आणि ओल धरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवून घ्या, त्यात मीठ असतं. परीक्षणात सामू फार खाली आला असेल तरच चुना टाका, अंदाजाने नको. मुरमाड जागेत निचऱ्याची काळजी नसते. वरच्या चार इंचांतले इंचापेक्षा मोठे दगड चाळून काढा आणि चार इंच पोयटा घाला. नव्या बांधकामाजवळ नऊ इंचांपर्यंत खणून सिमेंटचे गोळे, पीओपी, चुना वेचून काढा. ते राहिलं तर नेमक्या त्याच जागी गवत पिवळं पडत राहतं.

लव्हाळ्यासाठी महिना राखून ठेवा

माती तयार झाली की पाणी द्या आणि पंधरा दिवस थांबा. लव्हाळा (जमिनीत गाठी धरणारं तण) वर आला की खुरप्याने गाठीसकट काढा. पुन्हा पाणी, पुन्हा पंधरा दिवस. कार्पेटखाली तो दबेल, ही समजूत चुकीची आहे. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा कार्पेट भेदून वर येतो, आणि तेव्हा गवत न उखडता गाठ काढता येत नाही. याच महिन्यात भरपूर पाण्याने माती खाली बसते आणि खड्डे भरून घेता येतात. शेवटची पातळी फरशीच्या एक इंच खाली ठेवा.

कार्पेट निवडताना

पाच तासांहून जास्त थेट ऊन असेल तर सिलेक्शन वन किंवा बर्म्युडा घ्या. बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचंच कुळ. मुलं खेळणार असतील तर ते मेक्सिकनपेक्षा लवकर भरून येतं. मेक्सिकन दाट आणि मऊ असतं, थोडी सावली सोसतं, पण वाढ मंद असते आणि कापणी चुकवली की त्याचे उंचवटे होतात. झाडाखाली आणि कोकणातल्या आम्ल मातीत रुंद पानांचं कार्पेट ग्रास (हे गवताच्या एका जातीचं नाव) चांगलं चालतं. नर्सरीगणिक नावं बदलतात, म्हणून नावावर न जाता पान हातात घेऊन बघा.

मग एक तुकडा उचला. एका कडेने धरल्यावर फाटला तर तो कोवळा आहे. उलटा करा: मुळं पांढरी आणि जाळीदार हवीत, तपकिरी आणि आंबूस वासाची नकोत. मातीत इंग्रजी सीसारखी वळलेली पांढरी अळी दिसली तर ती हुमणी, तो लॉट सोडा. रुंद, चकचकीत पात्यांचा देठ बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा.

शेवटी तुकड्याखालची माती ओली करून चिमटीत मळा. ती तुमच्या मातीसारखी किंवा तिच्यापेक्षा थोडी वाळूसर असावी. तुमची जागा मुरमाड किंवा वाळूसर आणि तुकड्याखाली चिकट काळी माती, ही सगळ्यात वाईट जोडी. पाणी वरच्या चिकट थरात साठतं आणि मुळांना खाली उतरायचं कारणच उरत नाही. दुसरं कार्पेट मिळत नसेल तर अंथरण्याच्या अगदी आधी नळीने खालची बरीचशी माती धुवून टाका. मुळं उघडी दिसली तरी चालतील, पण क्षणभरही वाळू देऊ नका.

ऑर्डर 5 ते 10 टक्के जास्त द्या. गाडी रात्री किंवा पहाटे येऊ द्या. रचलेल्या ढिगात कार्पेट तापतं, म्हणून उन्हाळ्यात त्याच दिवशी आणि एरवी 24 तासांत अंथरून संपवा.

कधी आणि कसं अंथरायचं

काळ्या मातीत पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाफसा आला की. मुरमाड जागेत जून अखेर ते ऑगस्ट. कोकणात जुलैची झड टाळा, नाहीतर कार्पेटखालची माती वाहून जाते. फेब्रुवारी-मार्चही चालतो, पण उन्हाळाभर पाण्याची खात्री असेल तरच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळं धरायला फार वेळ लागतो.

आदल्या दिवशी दोन ते अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार-पाच किलो निंबोळी पेंड वरच्या दोन इंचांत मिसळून जमीन हलकी ओली करा. सरळ कडेपासून सुरुवात करा. विटांच्या बांधकामासारखे सांधे पुढे-मागे ठेवा, उतारावर तुकडे आडवे लावा. कडा एकमेकींना घट्ट भिडवा, पण एकीवर दुसरी चढवू नका. लहान तुकडे मध्ये बसवा, कारण कडेला ते आधी वाळतात. काळ्या मातीत सांध्यांत बारीक चाळलेला पोयटा भरा, कारण भेग सांध्यातूनच उघडते. नंतर फळी ठेवून दाबा किंवा हलका रोलर फिरवा. चिखलावर रोलर फिरवू नका.

अंथरल्यावर अर्ध्या तासात पाणी. एका वेळचं 6 मिमी पाणी म्हणजे 280 लिटर. पहिले दहा दिवस रोज दोनदा, आणि प्रत्येक वेळी एखादा कोपरा उचलून खालची माती ओली झाली का ते बघा. दहा दिवसांनंतर कोपरा ओढला आणि तो सुटला नाही तर मुळं धरली. मग पाणी हळूहळू विरळ आणि खोल करा. आठवड्याला 25 मिमी, सुमारे 1,160 लिटर, उन्हाळ्यात याहून जास्त. काळ्या मातीत ते दोन वेळात द्या, जांभ्यावर आणि मुरमावर दिवसाआड थोडं-थोडं.

पहिली कापणी तीन-चार आठवड्यांनी, कोरड्या गवतावर, धारदार पात्याने आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशच. मेक्सिकन आणि सिलेक्शन एक ते दीड इंचावर ठेवा, कार्पेट ग्रास दोन इंचांवर. वाढीच्या काळात महिन्याला अर्धा किलो युरिया पुरतो. तो कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी द्या, नाहीतर पानं भाजतात. कोकणात मुसळधार पावसात तो टाकू नका, सगळा वाहून जातो.

चुनखडीच्या जागेत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. जास्त युरियाने ती जात नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल संध्याकाळी फवारा. शेजारची फरशी आधी झाका, तिच्यावर पडलेले तपकिरी डाग सहज निघत नाहीत.